बर्फाच्या खोऱ्यांचं वाण

मीनलला बर्फ हवा होता. थोडाथोडका नव्हे, चांगला गुडघाभर! एरवी ब्रिस्टलमध्ये बर्फ म्हणजे केकवर भुरभुरवलेली पिठीसाखर, सकाळी दिसली तर दुपारी गायब. पण मीनल ऑक्टोबरपासून शाळेच्या वर्कशॉपमध्ये बर्फ काढायची खोरी बनवत होती, आणि बर्फच नसेल तर खोऱ्याची परीक्षा घ्यायची कशी? पिठावर? आईने पिठाच्या डब्याला हात लावू दिला नव्हता.

मग १९८७च्या जानेवारीत तो पडला. असा पडला, की शाळा बंद, बस बंद, आणि त्यांच्या त्या उभ्या चढाच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या पिंजलेल्या कापसाच्या गाद्या वाटायला लागल्या. मीनल पायजम्यावरच बाहेर धावली आणि बर्फात दोन्ही हात पसरून ओरडली, "थँक यू!" शेजारच्यांच्या कुत्र्याने तिला उलट उत्तर दिलं.

तिची खोरी साधीसुधी नव्हती. हातभर लांबीची, निळ्या प्लास्टिकच्या पात्याची, गाडीच्या काचेवरचा आणि दारातल्या पायऱ्यांवरचा बर्फ काढायची. बर्फ काढताना आपलं मनगट वाकडं होतं आणि मग दोन दिवस कप उचलवत नाही, तर तसं होऊ नये म्हणून हँडलचा कोन कसा असावा, हे तिला शोधायचं होतं. तिचे बाबा, हरीश, विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांनी बजावलं होतं, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं सेम." म्हणून तिने नऊ खोरी बनवली. पाती सारखी, प्रत्येकाच्या टोकाला हात घालायची गोल कडी सारखी, फक्त कोन वेगळा. प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. कडीचं माप तिने बाबांनी ऑफिसातून आणलेल्या, माणसांच्या हातांच्या मापांच्या जाडजूड पुस्तकातून घेतलं होतं.

आणि हे सगळं फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी टेबलावर हवं होतं. कारण मिस्टर प्यू. वर्कशॉपचे हे सर सव्वासहा फूट उंच होते आणि मीनल त्यांच्या वर्गातली एकुलती एक मुलगी होती. "मुली सहसा होम इकॉनॉमिक्समध्ये जास्त रमतात," असं ते सप्टेंबरपासून दर आठवड्याला प्रेमाने सांगायचे. शेवटी ठरलं होतं ते असं: सगळी मॉडेल्स आणि खऱ्या माणसांनी ती वापरून पाहिल्याचा पुरावा, दोन्ही दाखव. नाहीतर सोमवारपासून होम इकॉनॉमिक्समध्ये स्पंज केक.

"मला स्पंज केक नाय करायची," मीनल घरी येऊन म्हणाली होती.

"करायचा," आई म्हणाली होती.

"तेच. नाय करायचा."

शनिवारी आईचं, म्हणजे सुप्रभाबाईंचं, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बर्फ असला तरी होतं. बायका जवळपासच्याच होत्या आणि सुप्रभाबाईंच्या मते, साडी नेसून बूट घालता येतात. प्रश्न एकच होता, तो म्हणजे वाणाचा. आलेल्या प्रत्येकीला काहीतरी वस्तू द्यायची, आणि यंदा द्यायचे स्टीलचे डबे लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरून भगवानकाका गाडीतून आणत होते. दुपारी त्यांचा फोन आला.

"वहिनी, मी मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये चहा पितोय."

"अहो, चहा इथे येऊन प्या ना!"

"आलो असतो. पण पुढे रस्ताच नाहीये."

सुप्रभाबाईंनी फोन ठेवला. मीनल उताराखालच्या दुकानात दूध आणायला गेली होती. बाबा टीव्हीवर स्नूकर बघत होते. सुप्रभाबाई घरभर फिरल्या. कपाटातल्या काचेच्या वाट्या विषम निघाल्या, टॉवेल जुने निघाले. शेवटी गॅरेजचं दार उघडलं आणि तिथे, फळीवर ओळीने, घासूनपुसून चकाचक, एका मापाची, एका रंगाची...

"अहो, गॅरेजमधलं ते निळं काय आहे?"

"मीनीचे प्रोटोटाईप," बाबा पडद्यावरची नजर न हटवता म्हणाले.

"लागणार आहेत का?"

बाबांच्या कारखान्यात शेवटचं डिझाईन कागदावर उतरलं, की आधीचे नमुने सरळ भंगारात जायचे. मीनलने परवाच एक ड्रॉइंग काढलं होतं, ते बाबांना फायनल वाटलं. "छे, त्यांचं काम संपलं," बाबा म्हणाले. "अरे! गेला बघ लाल चेंडू!"

मीनल दूध घेऊन आली तोवर हॉल भरला होता. अत्तर लावून झालं होतं, गुलाबपाणी शिंपडून झालं होतं, आणि लताकाकू उखाणा घेत होत्या:

"बर्फ पडला अंगणात, थंडी वाजते फार,
जयंतरावांचं नाव घेते, आधी काढा कार!"

टाळ्या पडल्या. "मीनल, आलीस? ये, कोट काढ," सुप्रभाबाई म्हणाल्या, "आणि वाण दे सगळ्यांना. मोठ्यांपासून सुरुवात कर. यमुनाकाकूंना आधी."

मीनलने कोपऱ्यातल्या परातीवरचं जरीचं कापड उचललं आणि तिथेच थिजली. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर... प्रत्येकाच्या कडीला लाल दोरा, आणि पात्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं.

"आई," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कॅन आय टॉक टू यू? इन द किचन?"

"नंतर. काकू थांबल्यात."

"आई, धिस इज माय..."

"मी-नल."

हा 'मी-नल' काय असतो, ते ज्यांना आई आहे त्यांना माहीत असतं. मीनलने एक नंबर उचलला आणि यमुनाकाकूंना वाकून नमस्कार करत दिला. अशा रीतीने मुलीने आपला ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर स्वतःच्या हातांनी वाटून टाकला.

"अगबाई, केवढं मोठं उलथनं!" यमुनाकाकू म्हणाल्या.

"बर्फाचं आहे ते," सुप्रभाबाईंनी ऐटीत सांगितलं. "मीनलने स्वतः केलंय."

"नंबर कशाला गं? लकी ड्रॉ आहे?"

"दरवर्षी तेच ते डबे. हे बघा कसं, वेळेला उपयोगी!"

वेळ तर लगेच आली. बायका निघाल्या तेव्हा तीन गाड्या बर्फात रुतल्या होत्या. यमुनाकाकूंनी पदर खोचला. "चला गं, वाण आहे कशाला?" आणि नऊ बायका, वरून कोट, खालून पैठण्या, पायात वेलिंग्टन बूट, अशा गाड्यांवर तुटून पडल्या. मीनल दारात रडकुंडीला येऊन उभी होती. पण नंतर तिच्या कानावर एकेक यायला लागलं.

"हे पाच नंबरचं मस्त आहे गं, मनगट दुखत नाही."

"मला दे बघू. अय्या, खरंच की! माझं दोनचं अगदीच सरळसोट."

"आठ नंबर डावखुऱ्या माणसाला बरं."

मीनलचं रडू थांबलं. ती पळत जाऊन वही-पेन्सिल घेऊन आली. "काकू, फाइव्ह कुणाकुणाला नाय दुखला? परत करा ना! हात असा फिरवा!"

इतक्यात लताकाकू किंचाळल्या. बांगड्यांवर हातमोजे चढेनात म्हणून त्यांनी ते घातलेच नव्हते, आणि खोरं निसटू नये म्हणून सात नंबरच्या कडीत हात मनगटापर्यंत घातला होता. जाताना बांगड्या एकावर एक दबून गेल्या. पलीकडे जाऊन ऐसपैस पसरल्या. आता त्या परत यायला तयार नव्हत्या.

"ओढा!" कुणीतरी म्हणालं. दोघींनी लताकाकूंना धरलं, दोघींनी खोरं धरलं, आणि खाली होता चढाचा उतार. पाचही जणी सुटल्या त्या थेट पोस्टाच्या लाल पेटीपाशी जाऊन थांबल्या. खोरं हातातच होतं.

बाबा स्नूकर सोडून करवत घेऊन आले. "कडी कापू."

"नो!" मीनल ओरडली. "माझी सात नंबर!"

"मग बांगड्या..."

"हळदीकुंकवाच्या दिवशी?" नऊ बायका एकदम म्हणाल्या. बाबा करवत घेऊन परत गेले.

लताकाकूंना घरात आणून बसवलं. त्यांनी डाव्या हाताने चहा घेतला. उजव्या हातातलं खोरं मांडीवर तान्ह्या बाळासारखं ठेवलं होतं. साबणाने काही झालं नाही. शेवटी खोबरेल तेलाची अर्धी बाटली ओतल्यावर हात सुटला.

बाबा ते मापांचं जाडजूड पुस्तक उलटसुलट चाळत बसले होते. "हाताची रुंदी आहे, हातमोज्याची जाडी आहे," ते म्हणाले, "बांगड्या कुठेच नाहीत!"

"बायकाच नसतील त्यात," सुप्रभाबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

खरा गोंधळ रविवारी सुरू झाला. मीनलने सगळं सांगितल्यावर सुप्रभाबाईंचा चेहरा उतरला. "अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मी बोलत होती! तू 'मी-नल' केलं!"

सुप्रभाबाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुस्तकात पाहिलं. मग फोन झाला यमुनाकाकूंना, आणि तिकडचा आवाज स्वयंपाकघरातही ऐकू आला. "दिलेलं वाण परत मागतेस, सुप्रभा? बरी आहेस ना?" बाकीच्यांचंही तेच. शिवाय बर्फ होताच, आणि खोरी रोज वापरात होती. लताकाकू तर म्हणाल्या, "माझा इतका जीव जडलाय त्याच्यावर! सुटतच नव्हतं ना."

मीनलने नवी बनवायची म्हटली, तर वर्कशॉपमधलं निळं प्लास्टिक संपलं होतं. ती कॅलेंडरकडे बघून मिनिटाला एकदा म्हणायची, "स्पंज केक."

पण मग बर्फ वितळला. एका रात्रीत गल्ली काळी आणि ओली झाली. नऊ घरांत नऊ निळी खोरी कोपऱ्यात उभी राहिली आणि सगळ्यांच्या पायांत यायला लागली. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालू होती, आणि सगळ्यांच्याच वाणाच्या वस्तू त्या भगवानकाकांबरोबर अडकून परत लेस्टरला गेल्या होत्या.

पहिल्या हळदीकुंकवाहून सुप्रभाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. "काय दिलं असेल गं?" त्या म्हणाल्या. मीनलने कागद फाडला. दोन नंबर!

"पण हे तर तूच त्यांना दिलं!"

"शू! विसरल्या असतील बिचाऱ्या. आपण काही बोलायचं नाही."

मग पाच नंबर आला, त्याला लोकरीने विणलेलं कव्हर होतं. मग आठ, मग तीन, त्याच्या कडीलाही ताजं हळदीकुंकू. सुप्रभाबाई प्रत्येक ठिकाणी "अय्या, किती छान!" म्हणून आश्चर्य करत होत्या, आणि घरी येऊन फळीवर ओळ लावत होत्या. यमुनाकाकूंनी एक नंबर देताना मुद्दाम सांगितलं, "खास तुझ्यासाठी शोधून आणलंय." रथसप्तमीला मीनलही लताकाकूंकडे गेली होती, शेवटचं पुडकं त्यांचं. त्यातून सात नंबर निघाला, आणि मीनल किंचाळली. कडीची एक बाजू करवतीने कापून टाकली होती!

"आमच्या ह्यांनी कापली," लताकाकू म्हणाल्या. "आता बांगड्या अडकत नाहीत बघ. आत, बाहेर, आत, बाहेर."

मीनलने हात घातला. काढला. आईच्या बांगड्या चढवल्या, परत घातला, परत काढला. मग ती लताकाकूंच्या गळ्यातच पडली.

शुक्रवारी वर्कशॉपच्या टेबलावर नऊ खोरी ओळीत होती, आणि शेजारी काकूंचे अभिप्राय लिहिलेली वही. मीनल कुठेही न अडखळता बोलली. मनगटाबद्दल, कोनाबद्दल, पाच नंबर का जिंकला त्याबद्दल, आणि उघड्या कडीबद्दल.

मिस्टर प्यूंनी कप्प्यातून चष्मा काढला. "कोन उत्तम आहे, मीनल. पण ही कापलेली कडी? बांगड्या म्हणजे अगदीच थोड्या लोकांचा प्रश्न. साधारण माणसाचा हात कधी अडकणार नाही. हे बघ." त्यांनी तीन नंबरच्या कडीत हात घातला. मनगटापर्यंत. "पाहिलंस? अगदी सोपं."

आणि काढायला गेले. मनगटावर त्यांचं रुंद स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ होतं. ते जाताना आडवं होऊन गेलं होतं.

सरांनी हात फिरवला. ओढला. मागच्या बाकांवर कुणीतरी खिदळलं. सरांचा चेहरा हळूहळू कुंकवाच्या रंगाचा झाला.

"ओढू नका सर," मीनल म्हणाली आणि दप्तरातून खोबरेलाची उरलेली अर्धी बाटली काढली. "पहिल्या पेशंटला बरं वाटलं होतं. जरा वेळ लागतो." तिने तेल ओतलं, आणि दुसऱ्या हातातला डबा उघडून पुढे केला. आत आईचे उरलेले तिळाचे लाडू होते. "तोवर हे घ्या. आमच्याकडे हे खाल्लं, की गोड बोलावं लागतं. रूल आहे."

मिस्टर प्यूंनी मोकळ्या हाताने लाडू तोंडात टाकला. लाडू कडक होता. त्यांनी तो बराच वेळ चघळला, तीन नंबरकडे बघितलं, सात नंबरकडे बघितलं, आणि बाहीला लागलेलं हळदीकुंकू निरखलं.

"होम इकॉनॉमिक्सच्या मॅडमना," ते शेवटी अत्यंत गोड आवाजात म्हणाले, "मी कळवतो, की तू येत नाहीयेस. फक्त आधी हे माझ्या हातातून काढ, आणि परत घे."

"काढते, सर," मीनल बाटली उलटी करत म्हणाली. "पण परत नाही घेता येणार. वाण आहे ते."