तात्यांचा कांदा आणि बाईंचा स्पेसबार

"अहो तात्या, उचला! तुमचा कांदा माझ्या स्पेसबारवर आलाय!"

शाळेच्या पटांगणातून ही आरोळी आली, की समजायचं, आहेरबाई आल्या. चांदवडच्या बाजूचं आमचं गाव. मोकळी जागा दिसली की माणूस कांदा वाळत पसरणारच, आणि शेजारच्या तात्यांना शाळेचं पटांगण हक्काचं. पण बाईंनी त्याच पटांगणात गेरू आणि चुन्यानं भलामोठा कीबोर्ड काढलेला. एकेक अक्षर पाटाएवढं, आणि स्पेसबार म्हणजे चार माणसांची पंगत बसेल एवढा.

मी तेव्हा शाळेत खिचडी शिजवायचे. चुलीपाशी बसून सगळं दिसायचं, म्हणून सांगते.

झालं काय, शाळेला संगणक मिळाला. एकच. पोरं चाळीसेक. आणि ते दिवस लोडशेडिंगचे! शाळा भरली की लाईट जायची, ती रात्रीच यायची. फक्त बुधवारी दुपारी तासभर असायची. एकेका पोराच्या वाट्याला मिनिटभर, त्यातलं अर्धं 'ए' शोधण्यातच जायचं. बाईंनी दोन बुधवार पाहिलं आणि गेरू कालवला.

"अक्षरं इथं शोधा. लाईट आली की तिथं नुसतं बडवा!"

मग काय, लंगडी सुरू! आपलं नाव लंगडी घालत लिहायचं. 'के'वरून 'ए'वर जायचं म्हणजे केवढं अंतर, आमची कावेरी रडकुंडीला यायची.

"बाई, सोन्या बॅकस्पेसवर पडला!"

"मग पुसलं गेलं त्याचं. पहिल्यापासून!"

कुणी पडो, धडपडो, बाईंचं एकच: "जमतंय की!" माझी खिचडी करपली तरी, "जमतंय की, मावशी!" म्हणून मोकळ्या.

तात्या विचारायचे, "बाई, पोरं शिकवताय का नाचवताय?"

"दोन्ही. तुम्ही कांदा उचला."

दोनेक वर्षं असं चाललं. मग एका बुधवारी सकाळीच तपासणीचे साहेब आले. लाईट नव्हती. चादर पांघरलेला संगणक पाहून म्हणाले, "हा इथं धूळ खात ठेवून काय उपयोग? मोठ्या शाळेला देऊ."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. तरी साहेबांना पटांगणात नेलं. साहेब हसले. "बाई, ही तर लंगडी!"

"दुपारी लाईट येते, साहेब. तेवढं थांबा."

साहेब घड्याळ बघायला लागले. मी पटकन ताट वाढलं, वर कांदा चिरून दिला, तात्यांचाच. खिचडीवर साहेब थांबले. तेवढं श्रेय मी घेते बाई, सोडत नाही.

लाईट आली. बाईंनी कावेरीला खुर्चीत बसवलं. साहेब म्हणाले, "लिही, तुला वाटेल ते."

पोरीची नजर स्क्रीनवर, बोटं झरझर, आणि टेबलाखाली एक पाय अक्षरागणिक हळूच उचलला जातोय. साहेब वाकून बघायला लागले. "हे काय गं?"

"सर, पायाला ठाव हाय ना, कोणतं अक्षर कुठं ते!"

स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत उमटलं होतं: संगणक आमचा हाय, नेऊ नका.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाले, "नाही नेत." असा गलका उठला म्हणून सांगू! बाहेर तात्या आपणहून पोत्यात कांदा भरायला लागले.

"आता तुम्ही लिहा, बाई," साहेब म्हणाले.

बाई गडबडल्या. "मी? माझा नंबर कुठं लागला अजून!"

तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. एवढ्या बुधवारांत बाई एकदाही त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. पोरांनी ओढून बसवलं. बाईंनी डोळे मिटले, एक बोट पुढं केलं, आणि चप्पल घातलेला पाय उचलला.

मला तेवढं नवल वाटलं नाही. शाळा सुटल्यावर मी पातेली घासत असायचे, तेव्हा निऱ्या खोचून एकटीच लंगडी घालणाऱ्या बाई मी कितीदा पाहिल्या होत्या. घरी जायची घाई त्यांना कधीच नसायची.

चार इंग्रजी अक्षरं उमटली.

"इंदू," कावेरीनं वाचलं. "बाई, इंदू कोण?"

"मीच की गं. आई म्हणायची तसं." बाईंनी पदर सारखा केला. "आता कोण म्हणतंय!"

मी हातातला झारा तसाच धरून दारात उभी होते.

"इंदू," मी म्हटलं, "जमतंय की गं!"