रिसीव्हरचं साल

"मी बघतो ना, बाबा." एवढंच बोललो होतो. जेवताना, तोंडात घास असताना. घास असताना माणसाने गप्प बसावं असं लहानपणी शिकवतात, ते उगाच नाही.

झालं असं, की सासऱ्यांच्या जुन्या काळ्या टेलिफोनची घंटा वाजेनाशी झाली होती. बोट घालून डायल फिरवायचा, उशाला घेतला तर मान मोडेल असा वजनदार फोन. या फोनवर सासूबाईंनी लग्नाला होकार दिला होता. लग्नाच्या दर वाढदिवसाला सासरे पाहुण्यांसमोर रिसीव्हर उचलून, कानाला लावून सांगत, "याच रिसीव्हरमधून हिचा 'हो' आला. अजून ऐकू येतो!" पाहुणे टाळ्या वाजवत. सासूबाई स्वयंपाकघरात निघून जात. आम्हाला वाटे, लाजल्या.

आता लग्नाला पन्नास वर्षं होणार होती आणि त्या दिवशी हा फोन वाजलाच पाहिजे, असा सासऱ्यांचा हट्ट होता. मी विमा कंपनीत कारकून. यंत्रांशी माझा संबंध स्टेपलरपुरता. (तोही अडकला की शेजारच्या टेबलवाल्याकडे देतो.) पण जावई म्हणून काही इभ्रत असते.

"जेवायच्या टेबलावर नको हं," बायकोने बजावलं. म्हणून मी जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

घंटेचा आजार अगदीच क्षुल्लक निघाला. दोन वाट्यांच्या मधल्या हातोडीत धुळीचा बोळा अडकला होता. तो काढला, हातोडी हलली, काम फत्ते. शहाणा माणूस इथे थांबला असता. पण मला आत बारीक आकडे दिसले. फोटो काढून जुन्या फोनच्या शौकिनांच्या ग्रुपवर टाकले. तिथे 'डायलदादा' नावाने वावरणारे एक गृहस्थ होते. त्यांनी लगेच कळवलं, "जुन्या फोनच्या प्रत्येक भागावर साल असतं. डायल उलटा करून बघा. शेवटचे दोन आकडे."

डायलच्या पाठीवर ७१. घंटेच्या कॉइलवर ७१. खालच्या पत्र्यावर ७१. मला विलक्षण आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा माझे आकडे जुळत होते! मग रिसीव्हरची झाकणं उघडली. आत ८३.

"अगं, हा रिसीव्हर मूळचा नाही!" मी ओरडलो.

"बरं मग?" बायको म्हणाली. "तो बंद करा आणि टेबल मोकळं करा. आणि हे बाबांना सांगू नका."

शेवटचं वाक्य मला ऐकू आलं नाही. (बायकोच्या म्हणण्यानुसार शेवटची वाक्यं मला कधीच ऐकू येत नाहीत.)

दुसऱ्या दिवशी फोन पोचवायला गेलो आणि सासूसासऱ्यांसमोर, तज्ज्ञाच्या थाटात, घसा खाकरून जाहीर केलं, "बाबा, फोन एकाहत्तरचा, पण रिसीव्हर त्र्याऐंशीचा. बदललेला आहे."

"शक्यच नाही," सासरे म्हणाले. "या फोनला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. त्र्याऐंशी साली तर मी बदलीच्या गावी होतो. घरी फक्त ही..."

आम्ही दोघांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी खिडकीकडे पाहिलं.

"फुटला होता," त्या म्हणाल्या. "मेकॅनिकला बोलावून दुसरा बसवून घेतला."

"फुटला? म्हणजे मी इतकी वर्षं सगळ्यांसमोर भलताच रिसीव्हर कानाला लावतोय? आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही इतकं छान बोलायचात. मध्येच कसं तोडायचं?"

सासरे उठले, गॅलरीत गेले आणि आमच्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने आतून बाहेर निरोप आला, नव्हे, बाहेरून आत आला : समारंभ रद्द.

घरी आल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "तुम्हाला घंटा वाजवायला सांगितली होती. तुम्ही बोंब उठवलीत."

प्रायश्चित्त म्हणून मी जुन्या बाजाराच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. भंगारात हात काळे केले, एका दुकानदाराशी जन्माचं वैर घेतलं, आणि अखेर ७१ सालचा अस्सल रिसीव्हर मिळवून सासऱ्यांसमोर ठेवला. "घ्या बाबा. बरोब्बर त्याच सालचा."

सासऱ्यांनी तो हातात घेतला, न्याहाळला आणि हळूच कानाकडे नेला.

"लावा, लावा," सासूबाई म्हणाल्या. "कुणाच्या घरचा आहे कोण जाणे. पन्नास वर्षं संसार केला माझ्याशी, आता परक्या बाईचा होकार ऐका."

सासऱ्यांचा हात अर्ध्यात थांबला. ओठांचा कोपरा हलला. पण त्यांनी हसू आवरलं. "आधी सांग, फुटला कसा?"

"आठवतं, तुम्ही बदलीच्या गावाहून रोज फोन करायचात? घरात ताप, खोकला, मुलींची परीक्षा. आणि तुम्ही म्हणालात, इथल्या खानावळवाल्या बाईंच्या हाताला काय चव आहे!"

"हो, आणि तेवढ्यात लाइन कट झाली."

"कट नाही झाली. भिंतीवर आपटली."

 सासरे असे हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आणि मी टेलिफोन खात्याकडे तक्रार केली होती गं! बिचाऱ्यांनी माझी माफीसुद्धा मागितली!"

समारंभ झाला. पाहुणे जमले, सासरे फोनपाशी उभे राहिले, आणि तो खणखणला. (वाजला! मी जिवात जीव येऊन खुर्चीत बसलो. खुर्चीत आधीच एक मावशी बसल्या होत्या, ते सोडा.) सासऱ्यांनी तोच त्र्याऐंशीचा रिसीव्हर उचलला. आतल्या खोलीतून, माझ्या मोबाइलवरून, सासूबाई एवढंच म्हणाल्या, "हो."

"कशाला हो?"

"कशालाही."

यंदा टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. बायकोने माझा हात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, मनगट पिरगाळण्याचा हेतू नसताना.

दुसऱ्या दिवशी डायलदादांचा मेसेज आला. "तुमचा फोटो नीट पाहिला. ८३ हा साच्याचा नंबर आहे. साल दुसऱ्या बाजूला पुसट दिसतंय, ७१. मेकॅनिकने जुन्या साठ्यातला बसवला असेल." बायकोने माझ्या खांद्यावरून तो वाचला.

"म्हणजे पुरावा खोटा आणि गुन्हा खरा!"

"म्हणजे माझा तर्क बरोबरच—"

"तुम्ही गप्प बसा."

तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे काका भिंतीवरचं जुनं घड्याळ छातीशी धरून दारात उभे. "तुम्ही जुन्या वस्तू दुरुस्त करता असं कळलं. बायको म्हणते हे आपोआप बंद पडलं, पण—"

"हे दुरुस्ती करत नाहीत हो, काका," बायको आतून म्हणाली. "हे फक्त कबुलीजबाब काढून देतात."

काका क्षणभर घुटमळले. मग आवाज एकदम खाली आणून मला म्हणाले, "आमच्या हिने विचारलं तर सांगा, तुमचं दुकान बंद होतं," आणि घड्याळ घेऊन आले तसे पसार झाले.