दगडाबाईचा दहावा आणि कावळ्याचं वाक्य

माणूस गेला की त्याची शेवटची इच्छा गावाला आधी कळते, घरच्यांना मागाहून. माझी बायको दगडाबाई गेल्याचं म्हसवडजवळच्या आमच्या गावात कळलं, त्या दिवशी दारात आलेल्या पहिल्या माणसानं विचारलं, "नातीच्या इंग्रजीच्या पेपरचं काय?"

कारण शेळ्या बांधून झाल्या की ती रोज नातीपुढं, सृष्टीपुढं बसायची. पोरगी इंग्रजी वाक्यातल्या शब्दांच्या जाती सांगायची, नाऊन, व्हर्ब, आणि ही मान हलवायची. हिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं एकदाही चूक सापडली नाही.

आमच्याकडं इंग्रजी म्हणजे एवढंच. बोलणं वेगळं, त्याची सक्ती नाही. चौथीतल्या शंभर टक्के मुलांना वाक्यातलं व्हर्ब ओळखता येतं; इंग्रजीत पाणी मागता येणारी शून्य टक्के (पाणी टँकरवाल्याकडं मराठीतच मागावं लागतं).

दहाव्याला माणगंगेच्या पात्रात पिंड ठेवला. कावळा बाभळीवर येऊन बसला, खाली येईना. कारण मला माहीत होतं. दवाखान्यात ती म्हणाली होती, "माझ्या शेळ्या इकू नका." मी 'व्हय' म्हणायच्या आत नर्सनं मला बाहेर काढलं. आता भावकीनं शेळ्यांना गिऱ्हाईक पाहिलं होतं. मी पिंडाकडं सरकलो.

"नाना, तुमी बसा," निवृत्त सुभेदार लालासाहेब म्हणाले. "वहिनींचा जीव पोरीच्या अभ्यासात आडकलाय. सृष्टी, सांग गं जाती."

जाती सांगायला वाक्य लागतं. शाळेच्या पल्लवी मॅडमनी समोरचंच दिलं: द क्रो इज सिटिंग ऑन द ट्री. सृष्टीनं क्रो, सिटिंग, ट्री धडाधड सांगितलं. 'द'पाशी अडली. लगेच दोन पक्ष झाले: 'द'ला आर्टिकल म्हणणारे विट्याच्या क्लासचे पालक आणि अ‍ॅडजेक्टिव्ह म्हणणारे साताऱ्याच्या क्लासचे पालक. हात वर करून मतदान घेण्यात आलं (सुतक असणाऱ्यांना मताचा अधिकार नव्हता).

"मला शेळ्यांचं बोलायचं हाय," मी म्हणालो.

"आवं नाना, पोरीचं वाक्य अर्धं ऱ्हायलंय. त्यात शेळी कुठनं आली?"

तेवढ्यात कावळा उडाला. मॅडम म्हणाल्या, वाक्य आता खोटं झालं, नवीन घ्यावं लागेल. लालासाहेबांनी हरकत घेतली. "कावळा गेला तर जाऊ द्या की. वाक्य त्येच ठेवा, निम्मं झालंय."

शेवटी दहाव्याचे विधी करणाऱ्या गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तो हालला नाही, त्यामुळं 'सिटिंग' शाबूत राहिलं. झाडावर नव्हता, पण तेवढं चालवून घेण्यात आलं. टाळ्या झाल्या.

जेवताना सगळे म्हणाले, वहिनी सुटल्या. गिऱ्हाईक उद्या येणार आहे.

हे वाचताना तुम्हीही 'द' कुठल्या जातीचा ते मनात ठरवून टाकलं असेल. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे. शेळ्या विकत नाही, एवढं दगडाबाईला सांगायचं राहिलं आहे.