लुसी टीचरांचा लाव्हा

आमच्या लुसी टीचरांनी आम्हाला अग्निजन्य खडक खायला घातले. सातवीच्या भूगोलात तो धडा आला, की त्या आपल्या सांडोर गावाहून स्टोव्ह, पातेलं आणि साखर घेऊन शाळेत येत. उकळता पाक म्हणजे लाव्हारस. थोडा पाक गार थाळीवर ओतला, की झटकन निवून गुळगुळीत घट्ट व्हायचा, कण म्हणून दिसायचा नाही. हा आपला काळा दगड, बसाल्ट. उरलेला पाक बरणीत दोरा सोडून आठवडाभर कपाटावर. त्यात खडीसाखरेचे ठसठशीत खडे धरायचे. हा ग्रॅनाइट, जमिनीच्या पोटात सावकाश निवलेला. बसाल्ट आम्ही तासाभरात फस्त करायचो. ग्रॅनाइटवर मुंग्या चढल्या, की टीचर त्यांना गिर्यारोहक म्हणायच्या.

"निवू दे, बाबा," हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. रडणारं पोर असो, भांडायला आलेले पालक असोत, एकदा तर चिडलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनाही त्यांनी तेच ऐकवलं.

त्या पाकापायी मी भूशास्त्र घेतलं. फुलपाड्याच्या आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आज कॉलेजात शिकवते.

परवा टीचरांचा फोन आला. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं आमंत्रण द्यायला आलेला एक इंजिनियर हसत म्हणाला होता, टीचर, तुमचा लाव्हा गोड होता, पण खोटा. तो बोलून विसरला. टीचरांची झोप उडाली. डी.एड. करून थेट वर्गात उभ्या राहिलेल्या, कॉलेज पाहिलेलं नाही. आणि रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मेळाव्यात सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

मी त्यांना रिक्षात बसवून विरारच्या डोंगराच्या पायथ्याशी नेलं. तिथे जुन्या खडकाच्या भेगेत शिरून निवलेल्या शिलारसाची उभी भिंत आहे. हातात भिंग दिलं. छत्री माझ्याकडे देऊन त्या काठापासून मधोमध तसू तसू सरकल्या. काठाला कण बारीक, मध्ये मोठे.

"काठ गार दगडाला टेकला, तो आधी निवला," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या पातेल्यासारखा."

"पाकात पाणी असतं, टीचर, तेवढा फरक. बाकी तुमचाच धडा मी कॉलेजात शिकवते."

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. रविवारचं भाषण. पहिली ओळ होती, 'बाळांनो, मी चुकीचं शिकवलं असेन तर माफ करा.' खाली, दोन्ही बाजूंनी, आठवतील तेवढ्या सगळ्या मुलांची नावं.

माझं पेन मागून त्यांनी पहिली ओळ खोडली.

"नावं राहू दे," म्हणाल्या. "हजेरी घेईन."