शेवटी बसवायचा भाग

तपासणी समिती गुरुवारी येणार असं प्राचार्य अमरसिंह सांगत आले, तेव्हा विश्वजित सर प्रयोगशाळेत एका पाण्याच्या टाकीपुढे उकिडवे बसले होते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्याचं, तेही तासिका तत्त्वावर, त्यांचं हे अकरावं वर्ष. अकरा वर्षांत अर्ज एकोणीस, मुलाखती सात, आणि प्राचार्यांच्या तोंडून 'तुमचं यंदा नक्की' नऊ वेळा.

"समितीला तुमचं हे मॉडेल पटलं, की कायम पदाची शिफारस झालीच म्हणून समजा. तुमचं यंदा नक्की."

दहावी वेळ, सरांनी मनात टिपून ठेवलं.

टाकीत होतं ते जिवाणूच्या अंगातलं एक यंत्र, कोट्यवधी पटींनी फुगवलेलं. जिवाणू आपल्या पातळ पडद्याबाहेर प्रोटॉन ढकलून ठेवतो. त्यांना परत आत यायची घाई असते आणि वाट असते ती या यंत्रातून. दहा कप्प्यांचं एक चाक, त्याला खेटून 'ए' नावाचा भाग. 'ए'मधून प्रोटॉन शिरतो, चाकाच्या कप्प्यात बसतो, जवळजवळ पूर्ण फेरी मारून आत उतरतो. चाकाबरोबर दांडा फिरतो आणि दांड्याच्या टोकाचं सहा पाकळ्यांचं डोकं एका फेरीत एटीपीचे तीन रेणू घडवतं. त्यावर पेशीचं पोट चालतं. सरांच्या मॉडेलात प्रोटॉनच्या जागी वरच्या दुसऱ्या टाकीतून येणारं पाणी होतं आणि एटीपीच्या जागी तीन दिवे.

हे सगळं घडवलं होतं शाहूपुरीत शेतीपंप दुरुस्त करणाऱ्या भाऊसोंनी. तीन महिने सर त्यांच्या दुकानात उलट्या डब्यावर बसून जिवाणूची कहाणी सांगत राहिले. सरांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारा जगातला तो एकच माणूस. कारण त्याचे हात पंपात अडकलेले असत आणि उठून जाता येत नसे.

"'ए' सगळ्यात शेवटी, भाऊसो. चाक आणि डोकं जोडायच्या आधीच तो बसला, तर वाट उघडी पडते. प्रोटॉन फुकट गळतात."

"कळलं की. पंपाचा पंखा बसवायच्या आधी पाण्याचा व्हॉल कोण उघडतंय?"

समितीसमोर एकेक भाग जोडत जायचं आणि शेवटी 'ए' बसवून दिवे लावायचे, असा बेत ठरला. गुरुवारी सकाळी सहालाच येऊन भाऊसोंनी वरची टाकी काठोकाठ भरली. पंप कोरडा सोपवणं त्यांच्या धंद्यात पाप होतं. समिती मात्र तासभर उशिरा आली.

प्राचार्यांनी ताटात 'ए' ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं. "अध्यक्ष मॅडमच्या शुभहस्ते आधी हे बसवून घेऊ."

"सर, ते शेवटी बसतं. जोडणीला वीस मिनिटं लागतील."

"मॅडमना साडेबाराला निघायचंय. आणि उद्घाटन कधी शेवटी असतं का? त्याला समारोप म्हणतात."

"पण टाकी भरलीय..."

"चांगलं आहे की. रिकामी टाकी अपशकुनी दिसते."

सरांनी भाऊसोंकडे पाहिलं. भाऊसो पुटपुटले, "रिकामी कराय अर्धा तास लागंल. मॅडमना म्हणावं, हळू दाबा."

सर ते सांगायला पुढे झाले, पण सत्कार सुरू झाला होता. मॅडमना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि त्यांचे हात मोकळे व्हावेत म्हणून शाल, नारळ आणि पर्स हे तिन्ही जवळ उभ्या असलेल्या तासिका शिक्षकाकडे सोपवण्यात आले.

मॅडमनी दाबलं. टाळ्या पडल्या. जिथे चाक असायला हवं होतं त्या भोकातून हाताच्या मनगटाएवढी धार निघाली; आधी मॅडम भिजल्या, मग गुणांचे तक्ते, मग प्राचार्य. मागच्या रांगेला वाटलं हाच प्रयोग, त्यामुळे टाळ्या थांबायला जरा वेळ लागला. दिवा एकही लागला नाही.

"हे काय आहे?" मॅडम म्हणाल्या.

सरांनी तोंड उघडलं. तयार केलेल्या बेचाळीस स्लाइडपैकी कुठल्या स्लाइडपासून सुरुवात करावी, हे ते ठरवू लागले. कडेवर पर्स, काखेत नारळ. तेवढ्यात भाऊसोंनी बाही सारून भोकावर तळवा दाबला.

"मॅडम, चाक न्हाय, दांडा न्हाय, डोकं न्हाय, आणि तुमी आधी वाटच उघडली. पाणी सगळं वाया गेलं, दिवा न्हाय लागला. जिवाणू असाच मरतोय बघा. म्हणून त्यो शाणा बाकी सगळं जोडून घेतोय आणि ही वाट शेवटाला बसवतोय. त्येला काय उद्घाटन कराय लागत न्हाय."



"तीस वर्षं मी हे शिकवतेय," मॅडम केस पिळत म्हणाल्या. "कळलं आज. आपलं नाव?"

"भाऊसो."

"आमचेच आहेत," भिजलेले प्राचार्य घाईने म्हणाले.

महिन्याने अहवाल आला. प्रात्यक्षिक जिल्ह्यात सर्वोत्तम ठरलं होतं. प्रयोगशाळेसाठी एका कायम तंत्रसहायक पदाची शिफारस होती. अट, पंपकामाचा दहा वर्षांचा अनुभव. शेवटी एक ओळ होती: 'सदर प्रसंगी एक तासिका शिक्षकही उपस्थित होते.'

नेमणुकीचं पत्र मिळालं तेव्हा भाऊसो दारात टोपी चुरगाळत उभे राहिले. "सर, मला लाज वाटाय लागल्या. न्हाय म्हणून कळवू काय?"

"नको, भाऊसो. या प्रयोगशाळेत कुणीतरी कायम व्हायला हवंच होतं."

पुढच्या एक तारखेला सर तासांची वही रुजू झालेल्या भाऊसोंकडे घेऊन गेले. तासिका शिक्षकाच्या तासांवर प्रयोगशाळेतल्या कायम कर्मचाऱ्याची सही लागते, असा नियम आहे. भाऊसोंनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"सोमवारी दोन ते तीन लिवलंयसा. पोरं पावणेतीनला भाईर आलती की."

"भाऊसो, अहो..."

"व्हय सर, कळतंय मला. पण कायम माणसाला बघून सही कराय लागत्या."

आणि 'एक तास' खोडून त्यांनी जपून, सुवाच्य अक्षरात लिहिलं: पाऊण.