राखीव खुर्ची

शालोमकाकांच्या बेकरीत एकच धड खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसायचं नाही, असा नियम होता. गिऱ्हाइकांनी मैद्याच्या पोत्यांवर टेकायचं. काका स्वतः रॉकेलच्या डब्यावर बसत. खुर्ची मात्र रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसली जायची. दुष्काळात गावाला प्यायला पाणी नव्हतं, तरीही.

काका बेने इस्रायली, म्हणजे मराठी यहुदी. आजोबांचा कोकणात तेलाचा घाणा होता. तुम्ही बीड जिल्ह्यात कसे आलात विचारलं, तर म्हणत, "मोटार इथं बंद पडली." काकू गेल्यावर आसपास दुसरं यहुदी माणूस उरलं नव्हतं. आमचा बाजार शनिवारी, आणि काकांची भट्टी नेमकी शनिवारीच थंड. "ही सुटी देवानं दिलीय," ते सांगत, "सरकारनं न्हाई. रद्द व्हत नसती."

खुर्ची होती एलियाहू नबींसाठी, यहुद्यांच्या जुन्या प्रेषितासाठी. ते म्हणे कधीही, कुणाच्याही वेशात येतात. त्यांनी एकदा पाऊस अडवला होता आणि त्यांनीच सोडला होता.

"पत्ता ठाऊक हाय का त्यांना?" मी विचारी.

"येणारा येतो," काका म्हणत.

त्या वर्षी आले ते सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या शब्दाशिवाय तालुक्यात मैद्याचं पोतं हलत नसे. खुर्ची दिसली की त्यांचे गुडघे आपोआप वाकत.

"बसू नका साहेब, राखीव हाय."

"कुणाला?"

"एलियाहू नबींना. पाऊस आणतात."

"कोणत्या पार्टीचे?" चेअरमननी गंभीरपणे विचारलं. "पावसाचा ठराव तर आमी मागच्याच बैठकीत केलाय."

पोत्यांवरची मंडळी हसली. चेअरमन ताठ झाले. "लई चांगलं. मग मैदा बी त्यांच्याकडूनच घ्या."

मैदा बंद झाला. काका ज्वारीच्या नानकटाया भाजू लागले. त्या तोंडात विरघळत नसत, सामना करत. पोती संपल्यामुळं आता गिऱ्हाइकं उभी आणि खुर्ची रिकामी.

"काका, भट्टी विझायची पाळी आली," मी म्हणालो. "एकदा बसू द्या की चेअरमनना! कावून हट्ट धरता?"

"ते बसले की उठत न्हाईत रे."

एका दुपारी खडी फोडायच्या कामावरून एक म्हातारा आला. आष्टीकडचा. दाढीपासून पायापर्यंत पांढरी धूळ. आत आला आणि सरळ खुर्चीत बसला. मी ओरडणार, तोच काकांनी माझं मनगट धरलं.

त्यांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला, नानकटाया दिल्या. त्यानं त्या मुकाट्यानं खाल्ल्या. काका समोर हात बांधून उभे.

"बाबा," त्यांनी हळूच विचारलं, "पावसाचं कसं काय?"

"मला काय इचारता मालक? आमी बी वाटच बघतो."

तो गेल्यावर मी म्हणालो, "हेच का तुमचे नबी?"

"छे. नबी असते तर नानकटाईबद्दल खरं बोलले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर खुर्चीच्या पाठीवर अजून पांढऱ्या धुळीचा ठसा होता. काकांनी फडकं पिळलं. फळी पुसली, बरण्या पुसल्या, रॉकेलचा डबासुद्धा पुसला. मग खुर्चीपाशी आले आणि तिला हात न लावताच फडकं दोरीवर वाळत घातलं.