टिटवीची जड फाइल

एका जंगलात, बाळांनो, सगळी कामं ऑनलाइन झाली होती. पूर्वी जी कामं कचेरीत खेटे घालून होत नसत, ती आता घरबसल्या होईनाशी झाली.

त्या जंगलात एक टिटवी होती. टिटवी घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नदीकाठच्या उघड्या खड्यांत तिनं चार अंडी घातली होती. आणि नेमका तिथूनच हत्तींचा नवा रस्ता जायचा होता. ज्याच्या घराची नोंद असेल त्याला वळसा घालावा, बाकीच्यांवरून सरळ जावं, असा सिंहमहाराजांचा हुकूम होता.

टिटवीनं कॉम्प्युटरवर अर्ज भरला. ‘जमा करा’ दाबलं. हिरव्या अक्षरांत ‘नोंद झाली, क्रमांक ७१२’ असं उमटलं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पडदा पांढराफटक! पावती नाही, काही नाही. कचेरीत विचारलं, तर अशी नोंदच नव्हती.

पण टिटवीला कचेरीचा अनुभव जुना. तिनं सगळा पडदा आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता. तो घेऊन ती हेडक्लार्क घोरपडसाहेबांकडे गेली. साहेब एकदा खुर्चीला चिकटले की दोर लावूनही सुटत नसत.

“बाई, तुमची फाइल जड आहे,” साहेब म्हणाले.

टिटवी चक्रावली. आजवर या कचेरीत फाइल अडायची ती वजन कमी पडलं म्हणून. तिनं मुकाट्यानं पंखाखालून दोन गोगलगायी काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

“अहो, ते वजन नव्हे!” साहेब ओशाळले. गोगलगायी मात्र त्यांनी ठेवून घेतल्या. “दोन एमबीच्या वर चालत नाही. हलकी करून आणा. उद्या शेवटचा दिवस.”

सुतारपक्ष्याचं कॉम्प्युटर केंद्र होतं. टकटक करण्यात त्याची चोच धरणारा कुणी नव्हता.

“टिटवीताई, यात सेकंदाला साठ चित्रं आहेत,” तो म्हणाला. “नुसती भरताड! एक ठेवू, एकोणसाठ उडवू.”

“माझा क्रमांक राहील ना रे?”

“अगं, सगळी सारखीच तर असतात!”

फाइल पिसासारखी हलकी झाली. दुसऱ्या दिवशी घोरपडसाहेबांनी ती लगेच उघडली. एका चित्रात भरलेला अर्ज. पुढच्या चित्रात पांढरा पडदा.

“क्रमांक कुठाय?”

“साहेब, तो जड फायलीत आहे!”

“जड फाइल चालत नाही.”

“आणि हलकीतून तो उडाला!”

“मग तो नव्हताच. चित्रात नाही, ते घडलं नाही.”

टिटवीला रडू कोसळलं. अंड्यांच्या आतून चोची वाजायला लागल्या होत्या, आणि हत्ती उद्या निघणार होते.

साहेबांना जरा दया आली, म्हणून त्यांनी उपदेश केला. “आमच्याकडून शिका. कारभार पारदर्शक असावा म्हणून हा माझा पडदासुद्धा दिवसभर रेकॉर्ड होतो. पण तासाला एकच चित्र! फाइल बघा, कशी फुलासारखी.”

“तासाला एकच?” टिटवीनं डोळे पुसले.

पडद्यावर हत्तींच्या रस्त्याचा नकाशा होता. एक वाजताचं चित्र निघालं आणि साहेब जेवायला उठले. टिटवीनं चोचीनं रस्त्याची रेघ धरली, नदीवरून उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली. साहेबांनी जेवून आल्यावर ढेकर दिला आणि नकाशावर सही केली. सहीआधी वाचायची त्यांना सवय नव्हती.

सकाळी हत्ती रेघेवरून सरळ चालत गेले, ते घोरपडसाहेबांच्या बिळावरूनच. बिळाची नोंद नव्हती. नोंदीचं पोर्टल कसं चालतं हे साहेबांइतकं कुणाला माहीत होतं?

साहेब कचेरीत होते म्हणून वाचले. ते धावत महाराजांकडे गेले. “महाराज, माझं बीळ गेलं! कुणीतरी रेघ सरकवली!”

महाराजांनी रेकॉर्डिंग मागवलं. एक वाजता रेघ नदीवर. दोन वाजता रेघ बिळावर. मध्ये कुणीच नाही.

“कुणी सरकवलेली दिसत नाही,” महाराज म्हणाले. “आपणहून गेली असेल. पण घोरपडसाहेब, फाइल काय हलकी ठेवलीय हो तुम्ही! शाबास!”

आणि साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. ते टांगायला भिंत तेवढी नव्हती.

इकडे नदीकाठी चार पिल्लं खड्यांतून तुरुतुरु पळू लागली.

तात्पर्य: शेवटी सत्याचाच विजय होतो, पण ते दोन एमबीत बसलं पाहिजे. बसत नसेल, तर साहेबांच्या जेवणाची वेळ विचारून ठेवावी.